चौथा गडी

सुनेने पुन्हा कंगवा काढला, तशी फोटोवाल्या बाईंनी कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला.

"अहो, राहू द्या ना ते केस. जसे आहात तसे उभे राहा, एवढंच सांगतेय मी सकाळपासून."

"तसेच तर उभे आहोत," सून म्हणाली आणि धाकट्याचा भांग पाडून मोकळी झाली. तिचा नवरा छाती पुढे काढून शेजाऱ्याचा शर्ट घालून उभा होता. थोरली मुलगी बाह्या दुमडून दंड दाखवत होती. मागच्या फाटक्या ताडपत्रीवर या लोकांनी कुठूनशी एक धुतलेली चादर आणून टांगली होती, आणि तिच्यापुढे म्हातारे सासरे टोपी घालून, श्वास रोखून, एखाद्या पहारेकऱ्यासारखे ताठ झाले होते.

बाईंनी कपाळाला हात लावला. बटाट्याचे भाव इतके कोसळले होते, की मालक लोक पीक काढायच्या ऐवजी जमिनीतच कुजू देत होते. त्यामुळे काम सुटलेली अशी कुटुंबं कालव्याच्या कडेने मैलभर पसरली होती. त्यांचे हाल लोकांना दिसावेत म्हणून सरकारी खात्याने बाईंना फोटो काढायला पाठवलं होतं. आणि हाल होते कुठे? जिथे जावं तिथे माणसं तोंड धुऊन, दात दाखवून तयार! मागच्या खेपेचा अख्खा गठ्ठा साहेबांनी टेबलावरून परत सरकवला होता. 'हे लोक सहलीला निघाल्यासारखे दिसतात,' असं म्हणाले होते, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला पाठवू म्हणून वर पुस्तीही जोडली होती. बाईंची नोकरी आता या रोलवर होती, आणि रोलमध्ये एकच फोटो उरला होता.

"ते मघाशी खोकत बसले होते ना, तसे बसू दे त्यांना," बाई म्हणाल्या.

"ते नाही खोकत."

"मी ऐकलंय!"

"धुरामुळे असेल." सुनेने कंगवा केसांत खोचला. "बाई, तुमचं बरं आहे. फोटो काढायचा आणि चालू लागायचं. आम्हाला दुपारी मुकादम बघायला येणार आहे. फळबागेचा ट्रक घेऊन. चार धडधाकट माणसं असतील त्याच घराला घेतो तो. चौघांमागे एक खोली. तीन असतील तर खोली नाही, म्हणजे कामही नाही."

"मग?"

"मग काय? मी, हे, पोरगी. आणि चौथे मामंजी. खोकणारा माणूस कोण घेईल? बसलेलासुद्धा घेत नाहीत."

बाईंना हे कळलं नाही असं नाही, पण मुकादम आला नव्हता आणि ऊन सरकत चाललं होतं. म्हाताऱ्याच्या तोंडावर टोपीची सावली पडत होती. निदान चेहरा तरी धड यावा म्हणून त्यांनी सगळ्यांना उन्हाकडे वळवलं.

"आजोबा, टोपी काढा."

"टोपी राहू दे," सून एकदम म्हणाली.

"का? मुकादम टोपीसुद्धा मोजतो का?"

म्हाताऱ्यांनी आपण होऊन टोपी काढली. आज्ञा पाळायची त्यांना हौसच होती. डोक्यावर काळेभोर केस निघाले. या वयात एवढे काळे केस, बाईंना वाटलं, आणि त्या भिंगाशी खटपट करू लागल्या. सून काहीतरी पुटपुटली. ऊन टळटळीत होतं. कुणी हलायचं नाही असं बाईंनीच बजावलं होतं, त्यामुळे कुणी हललं नाही.

तेवढ्यात ट्रकचा भोंगा वाजला.

सगळी वस्ती झोपड्यांबाहेर येऊन रांगेत उभी राहिली. मुकादम उतरला आणि एका टोकाकडून घरं बघत निघाला. हात बघायचा, खांदे बघायचा, मग अंगठ्याने ट्रक दाखवायचा. एका घराला त्याने नुसतीच मान हलवली. त्या घरातली बाई तशीच उभी राहिली.

फोटोवाल्या बाई वळल्या, आणि त्यांना हवा होता तो फोटो समोर उभा होता. म्हाताऱ्यांच्या कानशिलावरून घामाबरोबर काळा ओघळ उतरत होता. तव्याची काजळी तेलात कालवून केसांना लावली होती, ती वितळली होती. सून फडक्याने पुसत होती आणि पुसावं तशी ती गालभर पसरत होती. खालून पांढरे केस दिसायला लागले होते. म्हातारे स्वतःच्या काळ्या बोटांकडे बघत होते. आता त्यांच्यात पहारेकरी उरला नव्हता. थकलेला, घाबरलेला एक माणूस होता.

कॅमेरा आपोआप डोळ्याला लागला. असा फोटो नेला असता तर साहेबांनी खुर्चीवरून उठून हात मिळवला असता.

मुकादम दोन घरं अलीकडे होता.

'आधी सांगायला काय धाड भरली होती या बाईला?' बाईंच्या मनात आलं. सुनेचा राग आला, साहेबांचा आला, स्वतःचा तर इतका आला की दात आवळले गेले.

"मुकादमसाहेब!" त्यांनी हाक मारली. "तुमचा एक फोटो हवाय. खात्यासाठी."

मुकादम थबकला. "माझा?"

"तुमचाच. इकडे या, ट्रककडे पाठ करा. असे नाही. पोट आत घ्या थोडं. हनुवटी वर."

मुकादमाने खिशातून कंगवा काढला. बाईंनी त्याला विंचरू दिलं. त्याच्या रुंद देहाने सगळी चौकट भरून गेली होती. दुसऱ्या डोळ्याने त्यांना दिसत होतं, की मुलीने आजोबांच्या डोक्यावर टोपी दाबली, बापाने त्यांना काखेत धरून आधी निवडलेल्या लोकांबरोबर ट्रकवर चढवलं, आणि सुनेने त्यांच्यापुढे गाठोडी रचली.

"मालकांनाही एक प्रत द्याल ना?"

"देऊ की. हलू नका."

बाईंनी बटण दाबलं. रोल संपला.

शर्ट नीट करत मुकादम ट्रकशी गेला. "तुम्ही किती?"

"चार मोठे," सुनेचा नवरा म्हणाला.

मुकादमाने गाठोड्यांमागची टोपी पाहिली, मान डोलावली आणि पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला.

ट्रक सुरू झाला. बाई बाजूला उभ्या राहिल्या. सून फळीला धरून शेजारणीला सांगत होती, आणि बाईंना ऐकू जावं म्हणूनच सांगत होती:

"सकाळपासून आम्हाला उन्हात तापवलं. मामंजींची टोपी काढायला लावली. आणि शेवटी फोटो काढला कुणाचा, तर त्या ढेरपोट्याचा! यांना दिसतात ती मोठी माणसंच."

बाईंनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मुकादमाचं कोपर खिडकीबाहेर आलं होतं. त्यांनी तोंड मिटलं.