वरच्या ओळीवरचं एंटर

"काढून टाका ते. आत्ताच्या आत्ता!" आमोद सर लॅबच्या दारातूनच कडाडले. "साडेदहाला परीक्षा आहे, आणि तुम्ही वीसच्या वीस मशीनवर स्वतःचे प्रयोग बसवून ठेवलेत? कोणाला विचारून?"

"तुम्हालाच, सर. तीनदा. तुम्ही 'बघू' म्हणालात," कल्याणीबाई म्हणाल्या.

कर्वेनगरच्या त्या कॉलेजात गणिताचे विभागप्रमुख 'बघू' म्हणाले की ते 'नाही' असतं, हे चौदा वर्षं लॅब सांभाळणाऱ्या बाईंना काय ठाऊक नव्हतं? होतं की! पण या वेळी त्यांनी ते सोयीस्करपणे कानाआड केलं.

मुलं एडिटरमध्ये गणिताचं शेल, म्हणजे लिहिलेली ओळ लगेच सोडवून देणारी खिडकी, उघडत. 'एन बरोबर पन्नास' असं काहीतरी लिहून एंटर मारायचं, उत्तर लगेच खाली हजर. गोची एकच होती. जुनं काही बघायला कोणी वर गेलं आणि खाली परतायचं म्हणून सवयीनं तिथेच एंटर दाबलं, की ती शिळी ओळ गुपचूप पुन्हा चालायची. एनची किंमत बदलायची आणि पुढची सगळी उत्तरं चुकायची. गेल्या सत्रात सलोनी जगतापचं असंच झालं. एवढी हुशार पोर, पण प्रॅक्टिकलला नापास. "बेफिकिरी," असं म्हणून सर मोकळे झाले होते. बाई तेव्हा तिच्या खुर्चीमागेच उभ्या होत्या. बेफिकिरी कसली डोंबलाची! चौदा वर्षं त्यांनी पोरांची बोटं पाहिली होती. कधी ना कधी ही चूक न केलेलं एकही बोट त्यांना आठवत नव्हतं.

बाई स्वतः बारावी पास. पण त्या दिवसापासून डबा खाऊन झाला की रोज अर्धा तास त्या शेलचा कोड उघडून बसू लागल्या. एक ओळ बदलायची, चालवून बघायची, बिघडलं की होतं तसं करून ठेवायचं. असे चार महिने गेले, तेव्हा कुठे जमलं.

"सलोनी आज परत बसतेय," बाई म्हणाल्या. "काढा म्हणालात तर काढते. पण आधी पाच मिनिटं तुम्ही बसा."

सर धुसफुसत बसले. बाईंनी गेल्या वर्षीचा एक प्रश्न पुढे ठेवला. सरांची बोटं झरझर चालली, पीएच.डी. होते शेवटी. एन पन्नास झालं, मग एन शंभर झालं. मग आधी काय लिहिलं होतं ते बघायला सर वर गेले, आणि खाली परतायला म्हणून त्यांनी तिथेच एंटर दाबलं.

ओळ चालली नाही. तिची नक्कल तेवढी खाली येऊन थांबली. बाजूला बारीक अक्षरांत सूचना आली: 'जुनी ओळ. चालवायची असेल तर पुन्हा एंटर दाबा.'

सरांनी ती सूचना दोनदा वाचली. 'दाबलंत ना तुम्हीपण?' हे अगदी ओठांवर आलेलं बाईंनी गिळलं. पुण्यात एवढा संयम म्हणजे तपश्चर्याच म्हणायची.

"राहू दे," सर उठत म्हणाले. दारापर्यंत जाऊन थांबले. "हे शेल ज्यांनी बनवलंय, त्यांना पाठवलंत का?"

"छे हो. माझं कोण घेणार?"

"पाठवा. खाली नाव घाला. स्वतःचं, पूर्ण."

साडेदहाला परीक्षा सुरू झाली. तासाभरानं सलोनी स्क्रीनवर वर वर जायला लागली. बाई मागेच होत्या. पोरीचं बोट एंटरवर पडलं आणि बाई पुढे झुकल्या.

जुनी ओळ खाली येऊन थांबली. सलोनीनं ती वाचली, खोडली आणि पुढचं गणित लिहायला घेतलं. आपल्यावरचं काय टळलं याचा तिला पत्ताही नव्हता. बाईंचा ऊर मात्र अभिमानानं असा भरून आला की हसू आवरेना. आपण केलं हे! आपण, कल्याणी सोनावणेनं!

बाहेरून आलेले परीक्षक लगबगीनं जवळ आले.

"काय झालं, बाई?"

"काही नाही, सर," कल्याणीबाई म्हणाल्या, आणि पुढच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या.