मी डिझेलची, खतिजाबीच्या पसंतीची

मी एक मोटारगाडी बोलतेय. रंग राखाडी, मुक्काम अंजनवेल, इंजिन डिझेलचं. इंजिनाचं मुद्दाम सांगते, कारण माझ्या घरात जे काही घडलं ते त्या इंजिनापायी घडलं.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. घाट उतरून रत्नागिरीच्या विक्रेत्याच्या आवारात आले ते १९८३ सालच्या मार्चमध्ये. शेजारी माझी पांढरी बहीण उभी होती. दोघी एकाच साच्यातल्या. बॉनेट उघडलं तरच फरक कळायचा. ती पेट्रोलची, मी डिझेलची. येणारा माणूस आधी तिच्याकडेच जायचा. ती किल्ली फिरवली की लगेच सुरू व्हायची, आणि सुरू झालेली कळायचीही नाही. माझं तसं नव्हतं. आधी इंजिन तापवणाऱ्या हीटरचं बटण दाबून थांबायचं, मग स्टार्टर मारायचा, मग मी सगळ्या अंगानं थरथरून उठायची आणि मागून काळा धूर सोडायची.

एके दिवशी दुपारी तिघंजण आली. इद्रीस, त्याची बायको बिल्किस आणि त्याची आई खतिजाबी. इद्रीस सात वर्षं कुवेतला गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होता. सुटीवर आला होता आणि सुटी संपत आली होती. अंजनवेलहून पहाटेच्या एसटीनं निघून, चिपळूणला बस बदलून तिघं एवढ्या लांब आली होती.

विक्रीचं काम बघणारे आप्पा त्यांना समजावून सांगू लागले. "हे बघा इद्रीसभाई, घरच्या माणसांना फिरवायचं असेल तर पेट्रोलची घ्या. आवाज नाही, धूर नाही. भाड्याला लावायची असेल तर डिझेलची. पेट्रोलवर भाडं परवडायचं नाही. आता तुम्हीच सांगा, गाडी कशाला हवी?"

त्या प्रश्नात आणखी एक प्रश्न होता आणि तो तिघांनाही ठाऊक होता. पेट्रोलची गाडी घेतली तर ती घरापुढं उभी राहणार, गावातला कोणी तरी ती चालवणार आणि इद्रीस कुवेतला परत जाणार. डिझेलची घेतली तर तो स्वतः गुहागर-चिपळूण भाडं मारणार. म्हणजे इथंच राहणार.

बिल्किस माझ्या दाराच्या मुठीवर हात ठेवून उभी होती. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि त्यातले नवऱ्यासोबतचे महिने तिला बोटांवर मोजता आले असते. पण सासूसमोर ती काय बोलणार?

"डिझेलची चालू करून दाखवा," इद्रीस म्हणाला.

आप्पांनी मला सुरू केलं. मी थरथरले, आणि माझा धूर वाऱ्यानं नेमका खतिजाबीच्या तोंडावर गेला. तिला दमा होता. ती खोकायला लागली ती थांबेचना. वाकली, पदर तोंडाशी धरला, गुडघे टेकले. बिल्किसनं धावत जाऊन तिला सावरलं. मी बंद झाले तरी तिच्या छातीतली घरघर चालूच होती. मला वाटलं, संपलं आपलं. आता ही माणसं पांढरीला घेऊन जाणार.

"पेट्रोलची काढा," इद्रीस आप्पांना म्हणाला. बिल्किसचा चेहरा उतरला, पण ती खतिजाबीची पाठ चोळत राहिली.

खतिजाबीनं हात वर केला. दम लागलेला होता, शब्द तुटत होते. "नको... डिझेलची घे."

"अम्मी, तुला सोसायचा नाय."

"मी बसतंय कशाला तुझ्या गाडीत? मला एसटी हाय." तिनं श्वास घेतला. "तुझा बाप बोटीवर खलाशी होता. वर्षाला महिनाभर घरी. शेवटी तिकडंच गेला, तोंड पण बघायला मिळाला नाय. ही पोर माझ्यासारखी ऱ्हायला नको. डिझेलची घे म्हणून सांगतंय ना!"

मी त्यांच्या घरी आले ती अशी.

खतिजाबी शब्दाची पक्की. जवळजवळ दीड वर्ष ती माझ्यात बसली नाही. गुहागरच्या बाजाराला जायचं झालं तरी पिशवी घेऊन एसटीच्या थांब्यावर उभी राहायची. मी सकाळी सुरू व्हायच्या आधी ती मागच्या पडवीत जाऊन दार लावून घ्यायची. इद्रीस मला ढकलत रस्त्यापर्यंत न्यायचा आणि तिथं सुरू करायचा. बिल्किसही ढकलायला यायची आणि ढकलता ढकलता दोघं हसायची. वेळणेश्वरला देवदर्शनाला आलेले पाहुणे, मुंबईचे चाकरमानी, आंब्याच्या पेट्या, सगळं मी वाहिलं. इद्रीस रोज संध्याकाळी घरी जेवायला असायचा.

पुढच्या वर्षीची गोष्ट. ऑगस्टचे दिवस होते. चार दिवस झड लागली होती आणि घरात ओल धरली होती. सकाळी खतिजाबीचा दमा उसळला. गुहागरच्या डॉक्टरांनी घरी येऊन इंजेक्शन दिलं, पण उतार पडेना. ते म्हणाले, "ताबडतोब चिपळूणला न्या. ऑक्सिजन लागेल. वाटेत कुठं थांबू नका."

तेव्हा ती पहिल्यांदा माझ्यात बसली. बसली कसली, उचलून मागच्या सीटवर ठेवली. बिल्किसनं तिला छातीशी धरलं आणि खिडक्या खाली केल्या. पाऊस आत येत होता, तरी कोणी काच वर केली नाही. मी माझ्या आयुष्यात तेवढी जपून कधी धावले नसेन. पण एक गोष्ट इद्रीसला आणि मला दोघांनाही ठाऊक होती. आदल्या संध्याकाळी त्यानं टाकी भरायची टाळली होती. उद्या बघू, म्हणाला होता.

मार्गताम्हाण्याच्या पुढच्या चढावर टाकीतलं उरलंसुरलं डिझेल एका बाजूला सरकलं आणि माझ्या नळीत हवा शिरली. मी दोनदा अडखळले आणि बंद पडले.

पेट्रोलची गाडी असती तर पाच मिनिटांत निघाली असती. आमचं डिझेलचं तसं नसतं. नळीत एकदा हवा शिरली की ती सगळी काढून टाकल्याशिवाय आम्ही हलत नाही. इद्रीसनं मला मागं सपाटीवर घेतलं आणि तो स्टार्टर मारत राहिला. कुवेतमध्ये त्याचा हात पेट्रोलच्या गाड्यांवर बसलेला, आणि घाबरल्यामुळे जे थोडं येत होतं तेही आठवेना. माझी बॅटरी उतरत चालली. आत डिझेलचा वास भरला.

मागं खतिजाबीचे ओठ निळे पडत होते. तिला हवा मिळत नव्हती, आणि माझ्या नळीत नको ती हवा अडकली होती.

"थांबवा ते!" बिल्किस ओरडली. नवऱ्यावर ती पहिल्यांदाच ओरडली असेल. "वासानं जीव जाईल त्यांचा. आधी त्यांना भायेर काढा."

दोघांनी खतिजाबीला उचलून वीस पावलांवर एका आइनाच्या झाडाखाली नेलं. बिल्किसनं तिला पुढं झुकवून बसवलं आणि तिच्या डोक्यावर छत्री धरली. रस्ता रिकामा होता.

मग समोरून गुहागरकडे जाणारी एसटी आली. ड्रायव्हरनं गाडी थांबवली. खिडकीतून एका माणसानं डोकं काढलं. "काय झाला ओ?"

"एअर घेतलीन! म्हातारीला दवाखान्यात न्यायची हाय!" इद्रीस ओरडला.

तो माणूस पिशवी घेऊन खाली उतरला. भागोजी त्याचं नाव. अलोऱ्याच्या कॉलनीत राहायचा, कोयना प्रकल्पावर डंपर चालवायचा, आणि त्या दिवशी सासुरवाडीला निघाला होता. त्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या. "स्टार्टरला आता हात लावू नको, भाई. बॅटरी ठेव. पाना दे."

त्यानं फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि हातपंप दाबू लागला. स्क्रूपाशी नुसता हवेचा फेस येत होता. इद्रीस घडोघडी झाडाकडे बघत होता.

"तिकडं नको बघू. हितं बघ," भागोजी म्हणाला. "फेस जाऊन निवळ धार आली की सांग मला."

फेस. फेस. पुन्हा फेस. झाडाखालून बिल्किसचा आवाज आला, "अम्मी, डोळे उघडा! माझ्याकडं बघा!" भागोजीचा अंगठा सोलवटला, पण त्यानं पंप सोडला नाही.

"आली! धार आली!"

स्क्रू आवळला. हीटर दाबून भागोजी सावकाश वीसपर्यंत मोजत बसला. त्या वीस आकड्यांत इद्रीसला रडू फुटलं. मग स्टार्टर. बॅटरीत शेवटची धुगधुगी होती. मी जीव खाऊन एक फेरा मारला, दुसरा मारला आणि पेटले.

उरलेलं डिझेल नळीपाशी राहावं म्हणून भागोजीनं तो चढ मला रिव्हर्समध्ये चढवलं आणि पुढं चिपळूणपर्यंत त्यानंच चालवलं. इद्रीस मागं आईचे पाय मांडीवर घेऊन बसला होता.

खतिजाबी वाचली. आठ दिवसांनी घरी आली ती माझ्यातूनच, पुढच्या सीटवर, काच खाली करून. "पेट्रोलची घेतली असती तर..." असं इद्रीस वाटेत सुरू करायला गेला. तिनं त्याला बोलूच दिलं नाही. "टाकी भरून ठेवत जा," एवढंच म्हणाली.

त्यानंतर ती आणखी तीन वर्षं जगली. गेली तेव्हा मुलाचा हात तिच्या कपाळावर होता.

तिचा चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला आणि आठवड्याभरात कुवेतहून पत्र आलं. जुन्या मालकानं इद्रीसला परत बोलावलं होतं. तो माझ्या बॉनेटला टेकून पत्र वाचत होता. मला धडकी भरली. खाऱ्या हवेनं माझा तळ सडला होता, पावसात पायाशी पाणी यायचं, गिऱ्हाइकं कुरकुरायची. त्याला आता इथं अडवणार कोण?

बिल्किस बाहेर आली. "ऐकताव? काय लिवलाय?"

"बोलावलाय."

ती पायरी उतरून माझ्यापाशी आली. मग स्वच्छ आवाजात म्हणाली, "मला नको. मी नाय म्हणतंय."

इद्रीसनं पत्र खिशात घातलं आणि तो भाड्याला निघाला. तिसऱ्या दिवशी त्यानं मला गुहागरच्या गॅरेजमध्ये नेलं. कदाचित विकायला, असं मला वाटलं.

"पूर्ण तळ काप," तो मिस्त्रीला म्हणाला. "नवा पत्रा मार. जाड मार, धा वर्षं टिकला पायजे."

मिस्त्री माझ्याखाली शिरला आणि ठिणग्या उडू लागल्या. बाबांनो, गाडी घ्यायला जाल तेव्हा घरच्या माणसांना जरूर विचारा, एवढंच मागणं. मला त्या दिवशी फार दुखलं. पण जाणारा माणूस गाडीचा पत्रा बदलत नाही, हे मला कळत होतं.