समोरून वारा असतानाची फेरी

मित्रांनो, धावपट्टीच्या कडेला गवतात उभं असलेलं दोन पंख्यांचं जुनं विमान म्हणजे मीच. रंग उडाला असला, तरी नाक अजून वरच आहे.

नवा कोरा असतानाच मला दोन छोट्या विमानतळांमधली फेरी मिळाली. एक विमानतळ समुद्राजवळ, दुसरा डोंगरात. मधलं अंतर दोनशे दहा किलोमीटर. मोटारीला घाटातून सहा तास लागत. मी समुद्राकडे पाऊण तासात पोचायचो, पण डोंगराकडे जायला सव्वा तास घ्यायचो, कारण वारा बहुधा डोंगराकडून येई.

हे घड्याळकाकांना काही केल्या पटत नसे. हे चष्म्यांचे व्यापारी दर आठवड्याला माझ्यातून प्रवास करत आणि उतरताना मनगटावरचं घड्याळ पुढे करत, म्हणून ते घड्याळकाका.

"जाताना पाऊण तास, येताना सव्वा? वाटेत चहाला थांबता की काय हो?"

"काका, ते वाऱ्याला विचारा!" पायलटबाई हसत.

मला मात्र राग यायचा. वाऱ्याशी झुंजून दमायचं आणि वर बोलणी खायची!

एका सकाळी वारा फारच जोरात होता. डोंगराकडे जाणारे प्रवासी बसले होते. एवढ्यात एक नर्सबाई गार डबा घेऊन धावत आल्या. डब्यात रक्ताच्या पिशव्या होत्या. डोंगरातल्या दवाखान्यात एक बाई बाळंत झाली होती, रक्तस्राव थांबत नव्हता आणि तिच्या गटाचं रक्त तिथे नव्हतं.

पायलटबाई प्रवाशांसमोर उभ्या राहिल्या. "या वाऱ्यात जवळजवळ दोन तास लागतील. जास्त इंधन भरायचं, तर वजन कमी करावं लागेल. काहीजणांना उतरावं लागेल."

कुणी हललं नाही. मग घड्याळकाका उठले. आता भांडण होणार, असं मला वाटलं.

"मी उतरतो," ते म्हणाले. "माझ्या एकट्यात दोघांचं वजन भरेल."

सगळे हसले. काकांच्या मागोमाग आणखी तिघं उतरली.

मित्रांनो, त्या दिवशी वाऱ्याने मला अक्षरशः मागे रेटलं. खालच्या सरळ रस्त्यावरचा एक भरधाव मोटार कितीतरी वेळ माझ्या बरोबरीने चालली होती. पंख थरथरत होते, नर्सबाईंनी डबा पोटाशी धरला होता. मीही हट्टाला पेटलो. वारा मला हळू करू शकत होता, परत फिरवू शकत नव्हता. पावणेदोन तासांनी माझी चाकं टेकली. रक्त वेळेत पोचलं आणि ती आई वाचली.

पुढच्या आठवड्यात काकांनी आधी तिची चौकशी केली. उतरताना चहाचं विचारलंच!

आता या वाटेवर नवी विमानं उडतात. माझ्या पत्र्यावर मुलं खिळ्याने नावं कोरतात. ते फार लागतं. पण सुट्टीच्या दिवशी एक आई आणि तिची मुलगी फडकं घेऊन येतात आणि माझ्या काचा पुसतात.

"आई, समुद्रापासून इथे यायला याला किती वेळ लागायचा गं?"

"सव्वा तास. तुझ्या जन्माच्या दिवशी पावणेदोन लागले."

"एवढा उशीर?"

"उशीर नाही गं. मी तग धरून होते ना तोवर."

मित्रांनो, खिळा खिशातच ठेवा. फडकं आणलंत, तर उजव्या बाजूची शेवटची काच अजून पुसायची आहे. नर्सबाई तिथेच बसल्या होत्या.