ताईला दिसतं तसं

छापखान्यात आम्ही दोघी बहिणी शेजारशेजारच्या टेबलांवर बसायचो. डब्यांवरची, साबणाच्या वेष्टनांवरची चित्रं आमच्याकडे असायची. ताई कपबशी काढायची आणि मी तिची सावली. तिचा हात रेषेचा, माझा रंगाचा बारीक फवारा उडवणाऱ्या एअरब्रशचा. "रेघ मी मारते आणि कौतुक तुझ्या धुराचं होतं," असं ती कुरकुरायची. पुढे कॉम्प्युटर आले. रेषांचं चित्र काढायच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये कितीही मोठं केलं तरी कड फाटत नाही. ताईने ते आठवड्यात आत्मसात केलं. मऊ सावली पाडायला मला मात्र वर्ष लागलं. कड किती पुसट करायची तो ब्लरचा आकडा जरा चुकला की कप टेबलावर टेकत नाही, तरंगतो.

आता ताई मुलाकडे असते, लांब. मी इथे एकटी.

गेल्या वर्षी तिच्या डोळ्यांचे पडदे मधोमध झिजले. एका सकाळी तिचा फोन आला तेव्हा ती रडकुंडीला आली होती.

"छकुले, घरात वाटतं मी सोंग करते."

सत्तरी उलटली तरी तिच्यासाठी मी छकुलीच.

"कोण म्हणालं?"

"सून. तिचं तरी काय चुकलं गं? कोपऱ्यातली टाचणी मी उचलून दिली, आणि ती समोर आली तर विचारलं, कोण आहे? मुलगा म्हणतो, 'आई, तुला हवं तेवढं बरं दिसतं.' डॉक्टरांनी सांगूनही त्याच्या डोक्यात शिरत नाही."

"तुला काय दिसतं ते मला सांग. मी काढते."

मी एक खोली काढली. टेबल, खिडकी, खुर्चीत बसलेला तिचा मुलगा, खाली कोपऱ्यात एक टाचणी. तिच्या नजरेतल्या डागाच्या जागी, मुलाच्या चेहऱ्यावर, एक गोल ठेवला आणि फोन कानाला लावून बसले.

"काळा आहे?"

"नाही गं. राखाडी. फडकं पिळल्यावरच्या पाण्यासारखा."

"आणि कड?"

"कड असती तर तिला धरून तरी बसले असते! कुठे संपतो तेच कळत नाही."

मी ब्लर वाढवत गेले, गडदपणा उतरवत गेले. चित्र तिला दाखवून 'असंच का?' विचारायची सोय नव्हती, कारण चित्रावरही तिचा स्वतःचा डाग पडणार. सगळं शब्दांवर चाललं होतं. पंधरा दिवस रोज तास-दीड तास. इतकं कुणाशी बोलून मला किती वर्षं झाली होती!

मग चित्र भिंतीएवढं मोठं केलं आणि भाच्याच्या घराजवळच्या छपाईच्या दुकानात पाठवलं. संध्याकाळी त्याचा फोन.

"मावशी, माझ्या तोंडावर झाकण का ठेवलंस?"

मोठं करताना ब्लरही सोबत वाढावा म्हणून एक खूण करावी लागते, ती राहिली होती. चित्र सहापट झालं, मऊपणा होता तेवढाच राहिला, आणि गोलाला चांगली ठसठशीत कड आली. जन्मभर सावल्या पाडलेल्या बाईने अशी चूक करावी! मागून सुनेचं हसू ऐकू आलं.

रात्री जेवले नाही. सकाळी दुरुस्त करून पुन्हा पाठवलं. भाचा कुरकुरतच दुकानात गेला आणि नवं चित्र घरी आणून भिंतीवर लावलं.

"हातभर अंतरावर उभा राहा," मी फोनवर म्हटलं, "आणि स्वतःचा चेहरा शोध."

"टाचणी दिसतेय," तो म्हणाला. "मी दिसत नाहीये."

"हं."

"मावशी, आई माझ्याशी बोलताना नेहमी बाजूला बघते. कडेने दिसावं म्हणून बघते का गं? मला वाटायचं, रागावलीय."

"तिलाच विचार ना."

खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. "कोण आहे?" ताईने विचारलं. "मी आहे, आई. इकडे बसू का, या बाजूला? आता दिसतो?" त्यावर ती काय म्हणाली ते कळलं नाही. फोन बंद करायचं त्याच्या लक्षात नव्हतं. त्या दोघांचं ऐकत राहणं बरं नव्हे, म्हणून मीच ठेवला.

काम संपलं होतं. मी डाग काढून टाकला आणि चित्रातल्या भाच्याकडे बघत बसले. बारा वर्षांपूर्वीच्या फोटोवरून काढला होता त्याला. डोक्यावर आता केस किती उरलेत, तेही मला ठाऊक नाही.