सिनेमात न दिसलेली पाटी

मी पाटी बोलतेय. दुकानावरची पाटी. झाशीच्या इलाइट चौराह्याजवळ रेकॉर्ड्सचं दुकान आहे म्हटलं की तुम्ही लगेच हुरळून जाल, "अय्या, ते सिनेमातलं गुलमोहर रेकॉर्ड्स ना!" नाही हो, ती नाही मी. ती गुलमोहर म्हणजे माझी सवत. रेकॉर्डच्या दुकानात जुळलेल्या प्रेमाचा तो हसरा सिनेमा तुम्ही दोनदा पाहिला असेल, पण त्यात मी कुठेच नाही. सिनेमाचं नावही मी घेणार नाही. त्याने कुठे माझं घेतलं?

माझा जन्म एका भांडणातून झाला. आमचे सुभाषचंद्र मूळचे सांगलीचे. इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले आणि इथलेच झाले. नाद एकच, जुन्या रेकॉर्ड्स जमवायच्या. सिव्हिल लाइन्समधल्या घरात पलंगाखाली रेकॉर्ड्स, कपाटावर रेकॉर्ड्स, धान्याच्या डब्यांमागेसुद्धा रेकॉर्ड्स. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या बायकोने, स्नेहलताबाईंनी, कंबरेला पदर खोचून सांगितलं, "अहो, आता काय ते ठरवा. या घरात एकतर या तबकड्या राहतील, नाहीतर मी!"

सुभाषचंद्रांनी वाद घातला नाही. चौराह्याजवळ एक गाळा भाड्याने घेतला, सगळ्या रेकॉर्ड्स तिकडे हलवल्या आणि जिच्यामुळे दुकान निघालं तिचंच नाव दुकानाला दिलं. शहरातल्या एका म्हाताऱ्या पेंटरने मला रंगवलं. निळ्या पत्र्यावर पिवळी अक्षरं, 'स्नेहलता रेकॉर्ड्स', आणि प्रत्येक अक्षराला लाल सावली. काय दिसत होते म्हणून सांगू!

स्नेहलताबाईंनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं. "माझं नाव भर चौकात टांगलंत? लोक काय म्हणतील?" पण संध्याकाळी भाजीला जाताना त्या माझ्याखालून जायच्या, मान वर करून मला डोळे भरून बघायच्या, पदर सारखा करायच्या आणि मग पुढे चालायच्या. भाजी घ्यायला जवळचा रस्ता दुसरा होता, हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं.

आता माझ्या खऱ्या कामाबद्दल सांगते. सुभाषचंद्र जुन्या वळणाचे. बायकोचं नाव घ्यायचं म्हणजे त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होणार. घरात "अगं", "ऐकतेस का", आणि बाहेर "आमच्या घरातून". कुणी गिऱ्हाइकाने विचारलं, "बाबूजी, मिसेज का नाम क्या है?" की ते दारात येऊन, तोंडाने काही न बोलता, बोट वर करून मला दाखवायचे. गिऱ्हाईक मला वाचायचं आणि हसायचं. इतकी वर्षं त्यांच्या वतीने ते नाव मीच घेत आले. एवढा मान कुठल्या पाटीला मिळतो?

मग ती सिनेमावाली मंडळी आली. त्यांना लखनौमधलं रेकॉर्डचं दुकान हवं होतं आणि लखनौमध्ये म्हणे गर्दी आवरत नव्हती. आमचं दुकान त्यांना एका नजरेत आवडलं. "सब परफेक्ट है," त्यांचा सेट लावणारा निशांत म्हणाला. मी मनातल्या मनात मुरडत होते तोच तो पुढे म्हणाला, "बस ये बोर्ड हटाना पड़ेगा. पुराना नहीं लगता."

मी जुनी दिसत नाही! झाशीचं ऊन खाऊन माझा निळा रंग आकाशाइतका फिका पडला होता, आणि मी म्हणे जुनी दिसत नाही!

सुभाषचंद्रांचा मुलगा केयूर तर सिनेमाच्या नावाने वेडापिसाच झाला होता. त्याने स्वतः स्टुलावर चढून मला उतरवलं आणि दुकानात काउंटरशेजारी भिंतीला टेकवून ठेवलं. तिथे बसून मी माझ्या सवतीचा जन्म पाहिला. थर्मोकोल आणि प्लायवुडची ती. निशांतने तिला रंग दिला, पॉलिश पेपरने घासली, वरून चहाचं पाणी शिंपडलं आणि पंख्याखाली वाळवली. झाली म्हातारी! मी वर्षानुवर्षं उन्हापावसात उभी राहून जे कमावलं ते त्या मेलीने उरलेल्या चहात कमावलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

एक मात्र झालं. इतकी वर्षं माझं तोंड रस्त्याकडे होतं, त्यामुळे आपलं दुकान आतून कसं आहे ते मी कधी पाहिलंच नव्हतं. ते आता दिसलं. आणि सिनेमात तुम्हाला जे दिसलं नाही तेही दिसलं. ऐका तर.

नायिकेसमोर नायकाच्या कपाळावर घाम येतो आणि तुम्ही म्हणता, काय बाई प्रेमात बावरलाय! बावरलाय कसला, पंखा बंद होता. नायक-नायिका भराभर चाळतात ती रेकॉर्ड्सची पाकिटं सगळी रिकामी होती. पंखा लावला की ती पाकिटं उडायची. निरोपाच्या प्रसंगात तिच्या डोळ्यांत पाणी येतं ना, ते जुन्या कागदाच्या धुळीचं. त्यानंतर ती सहा-सात वेळा शिंकली, ते कापलं. आणि दुसऱ्या गाण्यात खिडकीकडे नीट बघा, लखनौच्या रस्त्यावरून आमच्या झाशीजवळच्या गरौठ्याची बस जाते. कुणाच्या लक्षात आलेलं नाही. मी सांगितलं म्हणून सांगू नका.

पण सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे. एका प्रसंगात नायक खरीखुरी रेकॉर्ड पाकिटातून काढतो. ती सुभाषचंद्रांनी काळजावर दगड ठेवून दिली होती. कॅमेरा चालू, सगळे चिडीचूप. नायकाने रेकॉर्ड काढली ती सरळ पाचही बोटं तिच्या पोटावर ठेवून, पराठा धरावा तशी. स्नेहलताबाई नेमक्या नवऱ्याचा डबा घेऊन दारात आल्या होत्या. त्यांना राहवलं नाही.

"अहो, कडेला धरा, कडेला! अशी बोटं लावतात का? तिला लागतं!"

सगळे थिजले. मी पण थिजले. याच बाई रेकॉर्ड्सना घराबाहेर काढणाऱ्या! मग मला कळलं की संसारभर त्या तबकड्या पुसल्या कुणी होत्या. दिग्दर्शक ओरडेल असं वाटलं, पण तो हसत सुटला. केयूरकडून त्याने अर्थ विचारून घेतला आणि ते वाक्य नायिकेच्या तोंडी घातलं, "किनारे से पकड़िए जनाब, इसे भी दर्द होता है." हो, तेच! ज्याच्यावर शिट्ट्या पडल्या, जे पोरं मोबाइलवर एकमेकांना पाठवतात, ते आमच्या स्नेहलताबाईंचं. शेवटी पडद्यावर दोन-तीनशे नावं सरकली, चहा देणाऱ्याचंसुद्धा नाव होतं. त्यांचं नव्हतं.

शूटिंग संपलं, निशांतने सवतीला आठवण म्हणून दुकानातच सोडलं आणि मी पुन्हा वर चढले. वाटलं, सुटले. पण सिनेमा आला आणि धो धो चालला. पोरापोरींच्या झुंडी चौराह्यावर येऊन विचारायला लागल्या, "भैया, गुलमोहर कहाँ है?" माझ्या नाकासमोर उभं राहून विचारायच्या! मला वाचायच्या आणि पुढे निघून जायच्या.

"बाबा, समझो ना," केयूर म्हणाला. त्याचं मराठी दोन शब्द चालतं आणि तिसऱ्याला हिंदीच्या खांद्यावर बसतं. "लोग ढूँढ के वापस जात आहेत. गुलमोहरवाला बोर्ड लावू या."

सुभाषचंद्र म्हणाले, "चार दिवस लाव."

त्यांच्या या वाक्याने मला जेवढं लागलं तेवढं उन्हाने कधी लागलं नव्हतं. ती वर गेली, मी खाली आले. चार दिवसांचे महिने झाले. रोज तिच्याखाली गर्दी, रोज फोटो. कुणी तिच्याकडे बघून ओठांचा चंबू करायचं, कुणी तिला हात जोडून नमस्कार करायचं. भुसभुशीत थर्मोकोल, पण भाव खात होती सोन्याच्या पत्र्याचा. मी काउंटरशेजारी धूळ खात तिच्या पाठीकडे बघत जळत होते. एक जोराची वावटळ येऊ दे, एवढंच मागत होते.

त्याहून वाईट म्हणजे स्नेहलताबाई यायच्या बंद झाल्या. भाजीला त्या आता जवळच्या रस्त्याने जातात, असं केयूरच एकदा बोलता बोलता म्हणाला. डबा शेजारच्या मुलासोबत येऊ लागला. सुभाषचंद्र डबा उघडायचे, बंद करायचे, पुन्हा उघडायचे. घरात काही बोलणं होत नसावं. ते नाव वर परत जाणार की नाही, यापेक्षा मोठं काहीतरी त्या डब्यात रोज गार होत होतं.

आणि एका दुपारी मेघना आली. ही मुलगी सिनेमांच्या पडद्यामागच्या गमती शोधून मोबाइलवर व्हिडिओ करते. केयूर फुशारकीने सगळं सांगत सुटला, पंखा, पाकिटं, चहाचं पाणी. मेघनाने विचारलं, "और वो 'किनारे से पकड़िए' वाला डायलॉग किसने लिखा?"

"राइटर साहब ने, और किसने," केयूर म्हणाला.

"नहीं." सुभाषचंद्र खुर्चीतून उठले. "वो हमारे घर से कहा गया था."

"घर से मतलब, अंकल?"

"मतलब… मिसेज ने."

"अरे वाह! आंटी का नाम क्या है?"

सुभाषचंद्र सवयीने दारात गेले आणि बोट वर केलं. मेघनाचा मोबाइल बोटामागे वर गेला. "गुलमोहर आंटी?" म्हणून ती खळखळून हसली.

ते बोट तसंच हवेत राहिलं. त्यांनी वर बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मी इकडे काउंटरशेजारी जिवाच्या आकांताने ओरडत होते, अहो, इकडे वळा, मी इथे आहे, मला दाखवा! आणि तेवढ्यात मला ते दिसलं जे त्यांना दिसत नव्हतं. पायरीच्या बाजूला स्नेहलताबाई उभ्या होत्या. हातात सुभाषचंद्रांच्या बीपीच्या गोळ्या, ते घरी विसरून आले होते त्या.

"स्नेहलता," सुभाषचंद्र म्हणाले.

"ज़रा ज़ोर से अंकल, ट्रैफिक है."

कान लालबुंद झाले होते त्यांचे. "स्नेहलता! स्नेहलता नाम है उनका!" एका ऑटोवाल्याने वळून पाहिलं, समोरचा पानवाला टपरीतून बाहेर आला.

"अहो, हळू! सगळा चौराहा बघतोय," बाई म्हणाल्या. आवाज रागाचा होता, पण तोंड पदराआड गेलं होतं.

त्यांना बघताच सुभाषचंद्र आत धावले आणि त्यांनी मला उचललं. या वयात, एकट्याने! "केयूर, स्टूल आण. ती उतरव. आत्ताच्या आत्ता." मी नुसती थरथरत होते. आली गं माझी वेळ! बघ म्हटलं सवतीला, आता तुझा कचऱ्याचा डबा.

"राहू द्या," स्नेहलताबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे ती राहू द्या. केयूरचं दुकान तिच्यावर चाललंय, चालू दे. मला राग पाटीचा नव्हता आला. माझं नाव उतरवताना तुम्ही मला एका शब्दाने विचारलं नाहीत, त्याचा आला. विचारलं असतंत तर मीच हो म्हटलं असतं."

सुभाषचंद्र मान खाली घालून म्हणाले, "चुकलं माझं."

"बरं. आता गोळी घ्या. आणि हिला घरी घेऊन चला."

मला कुणी विचारलं का? नाही. ऑटोत बाईंच्या मांडीवर बसून मी सिव्हिल लाइन्सला आले. आता त्यांच्या जेवणघरात, खिडकीशेजारी माझा मुक्काम आहे. बाई रोज ओल्या फडक्याने मला पुसतात, ऊन नाही, वारा नाही. दुकानावर अजून ती भवानीच आहे, आणि तुम्ही झाशीला आलात तर तिच्याखाली फोटोही काढाल, मला माहीत आहे. काढा. तिच्यावर जळायचं मी सोडलं.

कारण जळायला मला आता घरातच माणूस मिळालाय. सुभाषचंद्रांना त्या दिवसापासून चटकच लागली आहे. चहा हवा, "स्नेहलता". चष्मा सापडत नाही, "स्नेहलता". माझं काम, एवढी वर्षं मी एकटीने केलेलं, ते आता बसल्या जागी दिवसातून दहा वेळा करतात, आणि बाई प्रत्येक वेळी अशा वळतात की माझ्याकडे तशा कधी वळल्या नव्हत्या. तेही मी गिळलं. पण काल सकाळी पोहे वाढून घेताना ते हळूच म्हणाले, "स्नेहू, लिंबू दे ना." बाईंच्या हातातून चमचा पडला.

स्नेहू! सांगा आता, हे माझ्यावर कुठल्या पेंटरने रंगवलंय?