तळमजल्यावरची माणसंही मोजायची

शाळेच्या मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, तेव्हाच चिंगीचा बाबा खुर्चीत सावरून बसला. चष्मा काढून बोलणारी माणसं कधी चांगलं बोलत नाहीत, हा त्याचा अनुभव.

"वाचन येत नाही, मोजणं येत नाही. विचारलं की गप्प. मला वाटतं, पुढच्या वर्षीही तिला पहिलीतच बसू दे."

बाबा लहानपणी असाच एकदा त्याच वर्गात मागे राहिला होता. वर्गात सगळ्यांपेक्षा हातभर उंच, आणि गल्लीभर नाव पडलेलं, 'आजोबा'. आठ वर्षांच्या पोराला आजोबा! ते नाव मिशा फुटल्या तरी सुटलं नाही. म्हणून तो जे बोलला ते डोक्यातून नाही, थेट पोटातून आलं.

"एक महिना द्या, बाई. घरी शिकवतो मी."

बाईंनी त्याच्या प्लास्टरमधल्या हाताकडे पाहिलं. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचा. शिडीवरून पडून मनगट मोडलं होतं, त्यामुळे सध्या घरीच.

"आणा महिन्याने, शाळा उघडली की. मी स्वतः बघेन. जमलं तर दुसरीत, नाही तर पहिलीत."

संध्याकाळी चिंगीची आई घरी आली. ती दातांच्या दवाखान्यात नावनोंदणीला बसायची, दिवसभर लोकांचं कण्हणं ऐकून तिचे कान किटलेले.

"तू शिकवणार? अरे, पेपर उघडलास की पहिल्या पानावर घोरतोस तू."

"मग बरंच आहे की. पोरीला झोप तरी चांगली लागेल."

"विनोद नकोत. ती पहिलीतच राहिली ना, तर तुलाच लिफ्टमध्ये कोंडीन."

दुसऱ्या दिवशी बापलेक वाचनालयात. चिंगीने चित्रं बघून पुस्तकांचा ढीग उपसला आणि खिडकीखालच्या बाकावर दोघं वाचायला बसले. बाबा स्वतः शब्दांखाली बोट धरून, अडखळत वाचणारा माणूस. पण चिंगी जरा थांबली की याला राहवायचं नाही. ती "ह..." म्हणाली की हा "हत्ती!" ती "प..." म्हणाली की हा "पळाला!" तिसऱ्या पुस्तकाला वाचनालयातल्या काकू उठून आल्या.

"एक विचारू? परीक्षा तुमची आहे की तिची?"

"तिची. का हो?"

"नाही, शब्द तिच्या ओठांवर यायच्या आत तुम्ही गिळताय, म्हणून विचारलं."

बाबाचे कान लाल झाले. मग त्याने युक्ती काढली. वाचायला बसलं की पेपरमिंटची गोळी तोंडात टाकायची. गोळी विरघळेपर्यंत बोलायचं नाही. दातांच्या दवाखान्यातल्या बायकोला हे सांगायचं धाडस मात्र त्याला झालं नाही. पण जादू झाली. बाबा गप्प बसला की चिंगी चुळबुळ करायची, वैतागायची, आणि मग वैतागून वाचायची.

दुपारी भटकंती. बागेत चिंगीने पाटी वाचली, "बाबा, गवतावर चालू नये. आपण चालतोय."

"मग पटकन चल."

आकड्यांत तर बाबाचा हातखंडा होता. शहरातल्या निम्म्या लिफ्ट त्याच्या ओळखीच्या. पहारेकरी त्याला बघून हात करायचे, आणि चिंगी टाचा उंचावून एकेक बटण दाबायची. "शून्य. एक. दोन. तीन." मोठ्या इस्पितळाची लिफ्ट तर जमिनीखालीही जायची.

"शून्याच्या खालीपण आकडे असतात?"

"असतात. तिथे गाड्या ठेवतात."

तीन आठवड्यांत पोरगी दहाव्या मजल्यापर्यंत न अडखळता जायला लागली. बाबा इतका खूश, की एकदा जेवायच्या वेळी तो आईला म्हणाला, "विचार तिला काहीही."

आईने टेबलावर चार चमचे मांडले. चिंगीने बोट ठेवत मोजलं. "शून्य, एक, दोन, तीन. तीन चमचे!"

आईने नवऱ्याकडे पाहिलं. "बोटं मोज गं हाताची."

"शून्य, एक, दोन, तीन, चार. चार बोटं!"

"वा," आई म्हणाली. "स्वतःचं हाड मोडलंस ते मोडलंस, आता पोरीचं बोट गायब केलंस! अरे, आठवड्यावर आलीय परीक्षा!"

बाबाने हातातला घास ताटात ठेवला. लिफ्ट शिकवता शिकवता त्याने पोरीला शून्यापासून मोजायला शिकवलं होतं. जगात कुठल्या बापाने केली नसेल अशी चूक. रात्रभर त्याला तो वर्गातला हातभर उंच मुलगा दिसत राहिला.

सकाळी तो चिंगीला जवळच्याच एका छोट्या इमारतीत घेऊन गेला. लिफ्टमध्ये शून्यापासून चारपर्यंत बटणं.

"किती मजले?"

"चार," चिंगी म्हणाली.

बाबाने घाईने गोळी तोंडात टाकली. तळमजल्यावर एक आजोबा दारातल्या कुंड्यांना पाणी घालत होते.

"तुम्ही इथे राहता?" चिंगीने विचारलं.

"मग काय, लटकतो?"

चिंगी विचारात पडली. एकदा बटणांकडे, एकदा आजोबांकडे. "बाबा, हे शून्यावर राहतात."

बाबाने गोळी या गालातून त्या गालात नेली.

"पण ते आहेत ना. त्यांना मोजलं नाही तर ते रागावतील."

"रागावेन तर!" आजोबा म्हणाले. कशाबद्दल, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

चिंगी जिन्याने धावत सुटली. प्रत्येक मजल्यावर भिंतीला हात लावत ओरडली, आणि शेवटचा आवाज वरून घुमत आला, "पाच! बाबा, पाच मजले! तळमजल्यावरची माणसंही मोजायची!"

बाबाने गोळी अख्खी गिळली.

मग काय, चमचे, चपला, शेजाऱ्याच्या शर्टाची बटणं, काही म्हणून सुटलं नाही.

परीक्षेच्या दिवशी मोठ्या बाईंनी मणी ओतले. चिंगीने झरझर मोजले, बरोबर. मग बाईंनी कपाटातून कोरं करकरीत पुस्तक काढलं. बाबाने ते कधी पाहिलंही नव्हतं.

चिंगीने पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं, पण ते पुढे सरकेना. बाबाने ओठ दाताखाली धरला. बाई निकालाचा कागद जवळ ओढायला लागल्या, आणि चिंगी वाचायला लागली. हळू, पण स्वतः. कोल्हा नदीवर आला. कोल्ह्याने नाव सोडली. पुढच्या शब्दावर घोडं अडलं.

"नावा..." बाईंनी सुचवलं.

"सांगू नका ना! येतंय मला." आणि आलं. "नावाडी!"

पान संपलं. "छान. पुरे," बाई म्हणाल्या.

"पुरे काय? नाव बुडतेय!" चिंगीने पान उलटलं. शाळेची घंटा झाली, दारात शिपाई उभा राहिला, बाईंनी त्याला हातानेच थांबवलं. कोल्हा किनाऱ्याला लागेपर्यंत खोलीतून कोणी हललं नाही.

"सोमवारपासून दुसरीत," बाई म्हणाल्या. "आणि हे पुस्तक घरी ने."

बाबाने धड आभारही मानले नाहीत. चांगल्या हाताने पोरीला उचललं आणि थेट दवाखाना गाठला.

"आई, मी दुसरीत!"

आईच्या हातातला फोन टेबलावर पडला. आतल्या खुर्चीतला रुग्ण उघड्या तोंडाने "आं आं" करत अंगठा दाखवायला लागला. "हलू नका हो!" डॉक्टर ओरडले. चिंगी बाकावर चढली आणि पुस्तक उघडून सगळ्यांना पहिल्यापासून वाचून दाखवायला लागली.

"हळू गं, लोकांना त्रास होतोय," आई डोळे पुसत म्हणाली.

"होऊ दे!" बाकावरचा एकजण गाल धरून म्हणाला. "पुढे काय झालं?"

सुजलेल्या गालांची ती सगळी माणसं दुखतंय दुखतंय म्हणत हसली, आणि सगळ्यात मोठ्याने हसली ती आई.