साहेबांची भाकरी

हिरा म्हणजे नुसतं वारं! नववीत गेली आणि माहीमच्या कोळीवाड्यात आपल्याला अडवणारं आता कुणी नाही, असंच तिला वाटायला लागलं. देवी टोचणारे साहेब आले, तेव्हा घरोघर त्यांच्यापुढे तीच.

"काकी, टोचलं की देवी येत नाय! पुस्तकात लिवलंय."

"पुस्तक र्‍हाऊ दे," प्रेमलाकाकी तव्यावरून भाकरी काढत म्हणाली. "पाहुण्याला बसव आदी."

होडीवर नवा खलाशी घ्यायचा तरी काकी आधी त्याला जेवू घालायची. आपल्या चुलीचं खाल्लेला माणूस भर समुद्रात आपल्याला सोडत नाही, हा तिचा हिशेब. हिराला ते ठाऊक होतं. पण दारात बोंबील सुकत होते आणि साहेबांनी खिशातून रुमाल काढला. घामच पुसला त्यांनी. हिराला वाटलं, नाक धरलं. ती लाजेनं लाल झाली.

"नको काकी," साहेबांना ऐकू जाणार नाही असं ती आत येऊन पुटपुटली. "साहेब आपल्यातलं नाय खात."

काकीनं भाकरी टोपलीत परत ठेवली आणि तीन वर्षांच्या येसूला कडेवर घेतलं.

"मग माज्या पोरीलाबी हात लावायचा नाय."

हिरा भांडली, काकीला अडाणी म्हणाली. काकी हलली नाही.

शेजारच्या गोदूबाईनं मात्र हिराला बोलूच दिलं नाही. तिनं ताट वाढलं. साहेब मांडी घालून बसले आणि भाकरी-बोंबील बोटं चाटून जेवले. सकाळपासून उपाशी होते बिचारे! गोदूबाईची तिन्ही मुलं टोचून झाली.

काकीकडे धावत जावं? मग आपण खोटं बोललो, हेही सांगावं लागणार. 'उद्या सांगू,' हिरानं ठरवलं. पण उद्या उगवला तो शाळेचा, परवा बाजाराचा.

पुढच्याच महिन्यात येसूला देवी आल्या. नवव्या दिवशी पोर गेली.

"तुजंच खरं होतं गो," काकी म्हणाली. "पुस्तकाचं आयकाया पायजे होतं मी."

हिराला शाबासकी किती आवडायची! ही मात्र गिळवेना.

"काकी, ते खात होते. गोदूबाईकडं जेवले. मीच खोटं बोलले."

"का गो?"

"आपल्या घराला वास येतो म्हून... लाज वाटली."

काकीनं स्वतःचा पदर नाकाशी नेला, आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.